दत्तप्रसाद सरांचा कंपायलर

नारायण पेठेत आमचा कॉम्प्युटर क्लास होता. मी मराठी टायपिंग शिकवायची, दत्तप्रसाद सर सी प्रोग्रॅमिंग. सर वाशिमकडचे. आपल्यासारखी मराठी शाळेतली मुलं कंपनीत लागावीत, ही त्यांची एकच तळमळ. पानावर आधी श्री लिहावा, तसा त्यांनी क्लासच्या प्रत्येक मशीनवर 'श्री गणेश' नावाचा फोल्डर केला होता, इंग्रजी अक्षरांत. नवं जे येईल ते त्यातच ठेवायचं. मलाही ते आवडायचं.

दोन हजार सालच्या दिवाळीनंतर औंधच्या एका कंपनीनं कळवलं, मुलांना लिनक्सचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल असा करून देणारं सॉफ्टवेअर, वापरता आला तर परीक्षा घेऊन नोकरी देऊ. आमची मशीनं विंडोजची. विंडोज काढलं तर टायपिंगची बॅच बंद. म्हणून सरांनी तो कंपायलर विंडोजवरच बसवायचं ठरवलं. घरच्या मशीनवर पहिल्या फटक्यात प्रोग्रॅम चालला. सर कसब्याच्या गणपतीला नारळ फोडून आले.

क्लासमध्ये मात्र 'अशी फाइल नाही' यापुढे गाडी जाईना.

"अहो सर, घरी चालतो ना?" मी विचारलं.

"घरी बायकोचा धाक आहे. इथे कोण विचारतंय!"

सरांनी सीडी बदलली, सगळं पुसून पुन्हा बसवलं. तेच. परीक्षा घ्यायला आलेले कंपनीचे साहेब चहा पिऊन उठले. "तयारी झाली की फोन करा," म्हणाले. मुलं धुतलेले शर्ट घालून बसली होती.

मशीनं तशीच राहिली. उन्हाळ्यात बॅचमधल्या भाग्यश्रीनं सहज बघितलं. फोल्डरच्या नावात श्री आणि गणेश यांच्यामध्ये मोकळी जागा होती. कंपायलर श्रीपर्यंतच वाचायचा आणि तेवढ्याच नावाचा फोल्डर शोधत बसायचा. घरी सरांनी नुसतं करून बघायचं म्हणून कंपायलर या फोल्डरच्या बाहेरच टाकला होता. तिनं दोन्ही शब्द जोडून सगळं पुन्हा बसवलं. प्रोग्रॅम चालला.

सरांनी लगेच कंपनीत फोन लावला. ऐकत राहिले आणि ठेवला. मंदीमुळे भरती थांबली होती.

"भाग्यश्री, हे तेव्हाच का नाही बघितलंस गं?"

"सर, तेव्हा तुम्ही कुणाला मशीनला हात लावू देत नव्हता."

ती कुचकं बोलली नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं. देवाला मी कधी बोल लावला नाही, सरांनीही नाही. पण जूनमध्ये सीची नवी बॅच घ्यायची वेळ आली, तेव्हा सर म्हणाले, "ती भाग्यश्रीला द्या शिकवायला." भाग्यश्री तोवर मंडईजवळच्या दुकानात बिलं करायला लागली होती.