एका जागी दोन सरक्या

ढाणकीला कोणी सहलीला जात नाही. मी गेले, कारण माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा लागोपाठ दोन महिने नागपूरला आली नव्हती. तिची सहा वर्षांची अस्मिता रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं बनवू शकत नाही. दर महिन्याला ती सलाईनमधून द्यावी लागतात, चुकली की न्यूमोनिया. फोनवर कळलं, सासूनं सलाईन बंद करवलं. गावातल्या डॉक्टरानं सांगितलं होतं, हा आजार मुलग्यांनाच होतो. जन्मभर जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला हे ऐकवू नये. अस्मिताच्या जनुक-तपासणीच्या, माझ्याकडे असलेल्या रिपोर्टची झेरॉक्स पिशवीत टाकली आणि सकाळची एसटी धरली.

यवतमाळ, आर्णी, महागाव, मग उमरखेडला गाडी बदलायची. ज्येष्ठांना तिकीट अर्धं, धक्के पूर्ण. महागावला आलुबोंडा गरम असेल तरच खा. चहा म्हणजे साखरेचं पाणी. दोन्हीकडे कपाशी हिरवीगार, पण सीटवरच्या शेजारणीनं पिशवीतलं बोंड फोडून दाखवलं. आत गुलाबी अळी.

सुनंदाची सासू तिची सख्खी आत्या. भावाची मुलगी सून करून आणायची, इथली रीत. पाणी देतादेताच त्या म्हणाल्या, "हे पोटुशी असताना फवारणीच्या वावरात गेलती. तवाच खोट शिरली. अन् पोरींले हा आजार होतच नाही, मंग नागपूरले कायले न्याव?"

सुनंदा खाली मान घालून भाकरी थापत होती. मी म्हटलं, त्या डॉक्टरला एकच प्रकार ठाऊक आहे, अस्मिताचा दुसरा, तो मुलींनाही होतो.

"आत्याबाई, कपाशी पेरताना तुम्ही एका जागी दोन सरक्या का टाकता?"

"एक नाही निंगाली तं दुसरी निंगते."

हाडांच्या मगजात प्रतिद्रव्यं बनवणारी प्रत्येक बी-पेशी हेच करते, मी सांगितलं. प्रतिद्रव्याच्या जनुकाच्या तिच्याकडे दोन प्रती, एक आईची, एक बापाची. पहिली फसली तर दुसरी. दोन्ही फसल्या तर पेशी वाढतच नाही, तिथेच मरते. अस्मिताच्या दोन्ही बिघडलेल्या, आणि दोन्हींत हुबेहूब तीच चूक.

"म्हंजे दोन्ही बियाण्याच्या एकाच थैलीतल्या," त्या म्हणाल्या. मग सुनंदाकडे न बघता, "माया बापाच्या घरची थैली."

"दोष कोणाचाच नाही," मी म्हटलं. "पण यापुढे सलाईन चुकवाल, तर तो तुमचा."

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत आम्ही चौघी होतो.

घरी येऊन पाय सुजले, कंबर अजून बोलते आहे. तो रस्ता मी कोणाला सुचवणार नाही. पण दवाखान्यात नर्सनं विचारलं होतं, आजी आईकडची की वडिलांकडची?

"दोन्हीकडची मीच," आत्याबाई म्हणाल्या, आणि पुढच्या महिन्याची तारीख विचारून घेतली.