सैल जुड्या

मोताळ्याजवळच्या आमच्या मळ्यात दुपारी माय मेथीच्या जुड्या बांधायची आणि मी तिला रहस्यकथा वाचून दाखवायची. मायला अक्षर येत नव्हतं. पुस्तक मामानं नांदुऱ्याच्या स्टेशनावरून आणलेलं, कव्हरवर पिस्तूलवाला. पाटाचं पाणी हळू वाहत असायचं, पाठीवर हिवाळ्याचं ऊन, आणि मी सुसाट वाचत सुटायची. त्यातला गुप्तहेर मार खायचा, उठायचा, सिगरेट पेटवून पुन्हा चालू लागायचा. दोन शब्दांच्या वर बोलणं नाही. वाचता वाचता मेथीच्या वाफ्यांमधून मला कधी न पाहिलेल्या मुंबईच्या गल्ल्या दिसायच्या.

"कोनाले इचारत नाही," माय म्हणायची. "जातो म्हनलं का गेला." ती स्वतः माहेरी जायचं तरी बाबांना चार दिवस आधी विचारायची.

पाठलाग सुरू झाला की तिचे हात ढिले पडत. मग बाजारात जुड्या सुटायच्या. "आज जुड्या सैल काऊन?" बाबा आल्या आल्या विचारायचे. आम्ही दोघी हसू दाबून खाली बघायचो.

शेवटची साठ पानं उरली आणि माझं लग्न निघालं. सासरी जायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "खुनी कोन ते सांगून टाकू?" मी मेली चोरून पुढचं वाचून बसले होते.

माय चिडलीच. "सांगू नोको. तू सांगतलं का संपलं." पुस्तक तिनं पेटीत लुगड्यांखाली ठेवलं. आता तिला ते कोण वाचून दाखवणार, या विचारानं मला फार वाईट वाटलं.

पुढे कानावर आलं, गावात मोठ्या बायामाणसांना अक्षर शिकवणारा वर्ग निघालाय आणि माय बाबांना न विचारताच तिथं जाऊन बसते. मला खरं वाटलं नाही.

वर्ष होत आलं होतं. नांदुऱ्याला सासरी दुपारी गहू निवडत होते, तेव्हा कार्ड आलं. अक्षरं वाकडीतिकडी, एवढाली मोठी की दोनच ओळी मावलेल्या.

"खुनी म्यानेजर. आज जुड्या सैल झाल्या."

ती साठ पानं मी चोरून एका दुपारी उडवली होती. तिनं एकेक अक्षर जुळवत तो पाठलाग किती महिने केला असेल. मला रडूच आलं. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी चपला घातल्या, "जातो" एवढंच म्हटलं आणि मोताळ्याची बस धरली.