देवरावच्या बांधीतली रोवणी

मी आणि नायक देवराव एकाच सेक्शनमध्ये होतो. मी चामोर्शीचा, बाजारात पोती उचलून फौजेत भरती झालेला. तो जवळच्याच खेड्यातला शेतकरी. सीमेवरच्या आमच्या पोस्टवर रविवारी फोन लागायचा. तो बायकोला, मंदाबाईला, आधी पऱ्ह्यांचं विचारायचा. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. पोरांचं मग.

एका सकाळी पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, असताना आमच्यावर फायर आला. देवराव पुढे होता. रेडिओ माझ्याकडे होता.

"एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर पाठवा. ओव्हर."

"कंडिशन काय? ओव्हर."

मी वाकून पाहिलं. "आता घाई नाही. ओव्हर."

पुढच्या वर्षी मी पेन्शनवर आलो आणि चामोर्शीत धानाचं दुकान टाकलं. पावसाळ्यात मंदाबाईकडे गेलो. गावाची रोवणी, म्हणजे पऱ्ह्यांची लावणी, उरकत आली होती. तिची बांधी, धानाचं शेत, मात्र रिकामी, आणि पऱ्हे वाढून जून होऊ लागलेले. आणखी आठवडा गेला असता तर वर्षाचं धान गेलं असतं.

"बाया काऊन नाई लावल्या?"

"इथी आपण दुसरीच्या बांधीत गेलो, तवाच ती आपल्या बांधीत येते, करीमभाऊ. मले कोणी बोलवतच नाई."

"बोलावलं तर जाशील?"

"कवाची तयार आहो."

गावात रोवणीच्या बाया काशीबाई जमवायची. तिच्या दारात गेलो.

"शहिदाच्या बाईले चिखलात उतरवाचं?" ती म्हणाली. "पंधरा ऑगस्टले आमी तिले खुर्चीवर बसवतो."

माझं डोकं फिरलं. "खुर्चीवर धान उगवते का, बाई?"

"तुमी दुकानदार मानूस. तुमाले मान काय समजते?"

"सौदा समजते. उद्या ती तुमच्या बांधीत येईन. परवा तुमी साऱ्या तिच्या. नाई आल्या, तर तुमची खुर्ची रिकामी राहीन."

काशीबाईने मला दारातून घालवलं, पण उद्या रोवणीला ये, असा निरोप मंदाबाईकडे पाठवला.

देवरावला हार घालायला अख्खं गाव आलं होतं. रोवणीसाठी दुकानदाराला भांडावं लागलं. तो राग माझ्या मनात अजून आहे.

मंदाबाई आधी काशीबाईच्या बांधीत राबली, आणि ठरल्या दिवशी बाया तिच्या बांधीत आल्या. मंदाबाई मधे वाकलेली, आणि बाया तिच्यापासून जरा दूर रोवत होत्या. शेवटी काशीबाईच म्हणाली, "मंदे, तुया देवरावले चिखल करताच येत नव्हता वो. बैल एकीकडं, हा एकीकडं."

"अन् घरी येऊन म्हणे, बैलाचीच चूक," मंदाबाई म्हणाली.

साऱ्या हसल्या. मग दुसरीने त्याची एक गोष्ट काढली, मग तिसरीने. तो गेल्यापासून गाव त्याला शहीद म्हणत होतं. त्या दिवशी मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा राहून दुपारपर्यंत त्याचं नाव ऐकत होतो.