बंद गाडी आणि खालचा आवाज

आमच्याकडं जमीन आवाज करते. लहानपणी नव्हतं हे. अलीकडच्या काही वर्षांतलं आहे. लांब कुठंतरी दगडांनी भरलेला टिप्पर रिता करावा तशी खालून घरघर येते, फळीवरची भांडी वाजतात आणि थांबतं. कधी महिनाभर काहीच नसतं, कधी एका दिवसात दोनदा होतं. साहेब लोक येऊन पाहून गेले. गावाला सवय झाली. माझ्या मायेला झाली नाही.

एका पहाटे मोठा हादरा बसला आणि घराची मागची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली. तेव्हापासून माय स्लॅबखाली जाईना. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तिनं बाज नेली, चूल नेली, शेवटी बुद्धाची तसबीरही नेली. मी नांदेडला औषधांच्या दुकानात कामाला, बायको-लेकरासोबत भाड्याच्या खोलीत राहणारा. तिकडं चल म्हणून किती वेळा सांगितलं. हळद निघू दे, एवढंच ती म्हणायची. यंदा हळद निघाली, शिजली, वाळली, आणि ती यायला तयार झाली.

तिला आणायला मी मोटारसायकलवर गेलो. हट्टा गावाच्या अलीकडंच गाडी झटके द्यायला लागली. गावात शिरेपर्यंत दोनदा बंद पडली. कार्बोरेटरमध्ये कचरा आला असणार हे उघड होतं. हे काम मी आधी केलेलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच अंगणात पोतं अंथरून तो खोलला. खाली पिवळट चिकट गाळ बसलेला. पेट्रोलनं धुतला, पेट्रोल सुटायच्या जेटची छिद्रं बारीक तारेनं मोकळी केली, फुंकून पाहिली आणि सगळं परत बसवलं.

गाडी काही चालू झाली नाही.

किक मारून पाय भरून आला. चोक ओढून पाहिला, सोडून पाहिला. प्लग काढून इंजिनाला टेकवला तर निळी ठिणगी नीट पडत होती, पण प्लग कोरडा ठाक. म्हणजे पेट्रोल पोचतच नव्हतं. टाकीकडची नळी काढली तर धार चांगली. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला तर दोन थेंब आले आणि थांबले. आत पेट्रोलच्या वाटीत एक फ्लोट तरंगतो आणि त्यावर एक बारकी सुई असते. फ्लोट खाली आला की सुई सुटते आणि पेट्रोल आत येतं. ती सुई वर अडकून बसली होती.

मी परत खोललं. हातात घेतल्यावर फ्लोट सहज खाली-वर होत होता, सुई आपल्या वजनानं खाली पडत होती. काही दोष नाही. बसवलं, की पुन्हा कोरडं. तिसऱ्यांदाही तेच. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं वाटीवर हळूहळू ठोकलं, तरी काही नाही. शेजारचे काका हळद पसरायचं सोडून आले, त्यांनी किका मारल्या, प्लग बदलून बघ म्हणाले, आणि माझ्या मायेकडं एकदा पाहून परत हळदीकडं गेले.

माय शेडच्या उंबऱ्याशी बसली होती. पिशवी भरून मांडीवर घेतलेली. ती सकाळपासून तशीच बसून होती. मी घाम पुसत म्हणालो की थोडं थांब, होईल चालू. ती जमिनीकडं बघत म्हणाली, "तुझ्या हातात न्हाई ते. त्याला इचारलंच न्हाई आपण."

कोणाला, हे मी विचारलं नाही. उन्हानं डोकं तापलं होतं आणि मला रागच आला.

तळाचा स्क्रू मी तसाच सैल ठेवला होता आणि पाणी प्यायला उठलो. माठापाशी पोचलो तोच थाळीत ठेवलेले लोखंडी पाने आपोआप किणकिणले. डब्यात काढून ठेवलेल्या पेट्रोलवर बारीक वलयं उठली. मग पत्रा वाजायला लागला आणि खालून तो आवाज आला. एवढा जवळून मी तो कधीच ऐकला नव्हता. कानाला नाही, तळपायाला ऐकू आला. काकांच्या अंगणात कोणीतरी लेकराला हाक मारली. मग सगळं शांत झालं.

त्या शांततेत टिपटिप ऐकू यायला लागलं. मी वळून पाहिलं. गाडीखालच्या पोत्यावर पेट्रोल गळत होतं. गाडीजवळ कोणी नव्हतं. बघता बघता थेंबांची बारीक धार झाली.

मी जाऊन स्क्रू आवळला. पहिल्या किकला गाडी चालू झाली.

सुई अडकली होती, हादऱ्यानं सुटली. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितलं आणि ते खरंच असणार. पण मी ठोकून सुटली नव्हती, हेही खरं. माय उठली, पदर कानावरून गुंडाळला आणि मागं येऊन बसली. "आता चल," ती म्हणाली. "सोडलं त्यानं."

वसमतला चहाला थांबायचा माझा नेम आहे. त्या दिवशी थांबलो नाही. नांदेडपर्यंत गाडी बंद करायची हिंमत झाली नाही.

खोली तिसऱ्या मजल्यावर. मला वाटलं होतं, आता माय निवांत झोपेल. तिला झोपच येईना. बायको सांगायची की दुपारी ती फरशीवर पालथी पडून असते, कान टेकवून. एकदा मी जेवायला घरी आलो तेव्हा स्वतः पाहिलं. तळहात फरशीवर, डोळे मिटलेले, वाट बघत असल्यासारखी. मी शेजारी बसलो, काय झालं म्हणून विचारलं.

"हितं खाली कोणीच न्हाई रे," ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती होती, आणि ती गावातल्या भीतीपेक्षा वेगळी होती.

खालच्या मजल्यावर भाडेकरू राहतात, असं मी म्हणालो. तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि पुन्हा फरशीला कान टेकवला.

पुढच्या सुट्टीला मी तिला गावी परत सोडून आलो. गाडी वाटेत एकदाही अडली नाही. मेकॅनिककडून कार्बोरेटर पुन्हा तपासून घेतला, त्याला काही सापडलं नाही. माय अजून शेडमध्येच राहते, भिंतीची तडही तशीच आहे. मी रोज सकाळी फोन करतो. पाऊसपाणी, हळदीचं बेणं, नातवाची शाळा, असं बोलणं चालतं. कधी कधी मागं पत्रा वाजतो आणि ती मधेच गप्प होते. सुरुवातीला मी हॅलो हॅलो करायचो. आता करत नाही. मीही फोन कानाला लावून गप्प बसतो, आणि थोड्या वेळानं ती म्हणते, "झालं. बोल आता."