देवीचं पोट बुजवलं

माझ्या माहेरी, सिन्नरकडच्या गावात, जुन्या दगडी देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर एक चामुंडा होती. होती म्हणते, कारण आता तिथं जी आहे तिला मी ओळखत नाही. बरगड्या वर आलेल्या, गळ्यात कवट्या, पोट खपाटीला गेलेलं आणि त्या खळग्यात एक विंचू. दगडात भूक कोरायची म्हणजे हात किती तयार लागत असेल! लहानपणी मला तिची भीती कधी वाटली नाही. गावातल्या बायका तिला उपाशी आई म्हणायच्या आणि हक्कानं तिच्याशी बोलायच्या.

बाळंतिणीची भूक हिलाच कळते, असं त्या मानत. म्हणून घरात कुणी बाळंत झाली, की माहेरच्या बाईनं तूप लावलेल्या भाकरीचा घास तिच्या पोटाच्या खळग्यात नेऊन ठेवायचा. तोवर बाळंतिणीला भाकरी नाही, नुसती पेज. माझ्या वेळी आईनं ठेवला होता. यंदा माझी लेक नाशिकला माझ्या घरी बाळंत झाली. आई हल्ली माझ्याकडेच असते. तिला चार पावलं चालली तरी दम लागतो, पण घास मीच ठेवणार म्हणून ती हटून बसली. मी डब्यात भाकरी घेतली आणि तिला गाडीत बसवून निघाले.

देवळापाशी पोचलो आणि माझं डोकंच फिरलं. भिंतीवर गुलाबी ऑइलपेंट मारलेली एक गुबगुबीत बाई उभी होती. ओठ लालभडक, कवट्यांच्या जागी मोत्यांची माळ. विंचू छिन्नीनं उडवलेला. बरगड्या बुजवलेल्या, आणि पोट सिमेंटनं भरून गोल, गुळगुळीत केलेलं.

माझा चुलतभाऊ देवळाच्या कमिटीत आहे. तो कौतुकानं पुढं आला.

"कशी दिसती, ताई? आधी लय भेसूर होती. पोरीवाले गाव पाहायला आले का पहिली तीच दिसायची. म्हणायचे, गावची देवीच उपाशी, आमची पोरगी इथं काय खाईल?"

"म्हणून तुम्ही देवीला सिमेंट चारलं?"

"आता भूक नाय ना राहिली तिला."

हे तो अगदी मनापासून बोलला, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. कमिटीत एकही बाई नाही. बाळंतिणीची पेज ज्यांनी कधी ढवळलीसुद्धा नाही, त्यांनी बसून देवी कशी दिसावी ते ठरवलं. एका बाईला विचारलं नाही. मी म्हटलं, काढा ते सिमेंट.

"काढायला गेलं तर मूळ दगडच निघंल, ताई," तो म्हणाला.

शेकडो वर्षांच्या उन्हापावसातून वाचलेली मूर्ती यांच्या हौसेतून वाचली नाही.

आई भिंतीपाशी गेली. तिनं डबा उघडला, घास मोडला आणि देवीच्या पोटावर टेकवला. तो घसरला. तिनं वरच्यावर झेलला आणि पुन्हा दाबून धरला. रंगावर तुपाचा डाग पडला, पण हात काढताच घास पुन्हा खाली आला.

"काकू, पायाशी ठेवा ना, चालतंय," भाऊ म्हणाला.

आईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. "हिचं पोट भरलंय," ती मला म्हणाली. "हिला आता कुणाची भूक कळायची?"

तेवढ्यात लेकीचा फोन आला. सकाळपासून ती भाकरीसाठी खोळंबली होती. आईनं फोन माझ्याकडून मागून घेतला.

"आजी, ठेवलास का गं घास? बसू जेवायला?"

घास आईच्या मुठीत होता.

"ठेवला," ती म्हणाली. "पोटभर जेव, बाई."

उभ्या जन्मात देवीसमोर खोटं न बोललेल्या माझ्या आईवर यांनी ही वेळ आणली.