बापूनं उचललेला दगड

मित्रांनो, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या तालमीच्या उंच चौथऱ्यावर एक गोल दगड होता. माझा मित्र बापू पैलवान यानं तरुणपणी तो छातीवर घेऊन वर ठेवला. जो तसाच उचलून खाली आणेल त्यानंच त्याला हात लावायचा, ही तालमीची रीत. कुणाला जमलं नाही. बापू जाऊनही वर्षं लोटली.

आज मी खाली बसलो असताना तो आपसूक घरंगळला आणि धाडकन लाल मातीत पडला. पायाखालची जमीन हादरली.

"आबा, कुणी हात बी लावला न्हाय की," वस्ताद हळूच म्हणाले.

घरी नववीतल्या नातीला सांगितलं. म्हणाली, "स्थितिज ऊर्जा, आजोबा. उचलणाऱ्याची ताकद दगडात साठून राहते. पडला की तिचा आवाज होतो, उष्णता होते."

मी शाळेत कवितेत रमणारा, विज्ञानात कच्चा. तरी अंगावर काटा आला. पडल्यावर रीत विसरून मी त्या दगडावर हात ठेवला होता. सावलीतला दगड, पण माणसाच्या अंगासारखा कोमट लागला.

उद्या पोरं मिळून तो परत वर चढवणार आहेत. चढवू द्यावा का, सांगा. आता त्यात बापू नसेल.