मातामायचं लग्न

भिवराआत्या गेल्याची बातमी मला अकोल्यात, शाळेत कळली. पाचवीच्या मुली कविता म्हणत होत्या आणि दारात माझा चुलतभाऊ वामन उभा दिसला. मोर्शीहून लॉरीनं आणि पुढं आगगाडीनं आलेला, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं माखलेला. त्यानं मला हातानंच बाहेर बोलावलं. मी बाहेर गेले तेव्हा म्हणाला, "आत्या गेली. सकायी झेंडू तोडून राह्यली होती. दमली म्हणून बांधावर बसली... अन् मंग उठलीच नाई."

"जवळ कोणी होतं?"

"सुभद्राबाई होती ना."

ते ऐकून मला त्या क्षणीसुद्धा बरं वाटलं. सुभद्राबाई म्हणजे आमच्या गावच्या पाटलांची लेक. ज्या पाटलांनी आत्याच्या हातून तिची देवी काढून घेतली त्यांचीच लेक शेवटी तिच्या उशाशी होती, हे कसं झालं ते सांगितल्याशिवाय आत्याबद्दल काही सांगितल्यासारखं होणार नाही.

आमचं घर माळ्यांचं. मोर्शीपासून बैलगाडीच्या वाटेवर गाव, गावाबाहेर आमचा मळा, आणि मळ्याला लागून निंबाच्या झाडाखाली मातामाय. मूर्ती नाही, नाक-डोळे नाहीत. शेंदरानं पुटं चढून गोल झालेला एक मोठा दगड, आणि त्याला ऊन, वारा, पाऊस सगळंच लागायचं. ती कधीपासून तिथं आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. गाव वसलं त्याच्या आधीची, एवढंच म्हातारे सांगत. तिला हात लावायचा तो आमच्या घरातल्या बाईनं. आणि हा मान सासूकडून सुनेकडे जात नसे, आईकडून लेकीकडे जात असे. म्हणून तर आमच्या आजीनं भिवराआत्याला सासरी धाडलंच नाही, जावयालाच घरी आणून ठेवलं. आत्याचे यजमान बिचारे गरीब स्वभावाचे. विहिरीवर मोट हाकायचे आणि बायकोचं ऐकायचे. मी फार लहान असताना ते तापानं गेले. आत्यानं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, आणि पुढच्या मंगळवारी नेहमीसारखी तेलाची वाटी न् शेंदूर घेऊन निंबाखाली गेली. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा गावात कुणालाच वाटलं नाही.

माझे वडील अमरावतीला कचेरीत नोकरीला होते, पण दिवाळी आणि उन्हाळा आम्ही गावीच काढायचो. आत्या उंच, काळी, हातापायानं दणकट. फुलांच्या टोपल्या घेऊन अमरावतीच्या बाजारात यायची तेव्हा आमच्याकडे उतरायची आणि तिच्यामागून दिवसभर घराला झेंडूचा वास यायचा. बोलणं तोडून टाकल्यासारखं. माझी पुण्याकडची एक मैत्रीण एकदा घाबरून मला म्हणाली होती, "त्या रागावल्यात का गं?" आत्या तर तिला जेव म्हणून आग्रह करत होती!

गावातलं प्रत्येक मूल आधी आत्याच्या हातात यायचं. बाळंतीण बाराव्या दिवशी न्हाऊन बाळ घेऊन निंबाखाली यायची. आत्या ते उघडं बाळ दगडाला टेकवायची, शेंदराचं बोट त्याच्या टाळूला लावायची आणि आईच्या ओटीत परत टाकायची. पाटलांचं असो की महाराचं, सगळ्यांना तेच बोट. माझ्याही टाळूला ते लागलं आहे.

मी दहाएक वर्षांची असेन तेव्हा दादाराव पाटील काशीयात्रा करून आले. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहिलं पाहिजे. संत्र्याच्या बागा लावून त्यांना नुकतीच बरकत आली होती आणि गावासाठी काहीतरी मोठं करावं असं मनात होतं. काशीहून येताना त्यांनी एक शास्त्रीबुवा बरोबर आणले. बुवांनी निंबाखालचा दगड पाहिला आणि सांगितलं, ही पार्वती आहे, पण एकटी आहे. देवीनं अशी उघड्यावर, पतीविना राहणं गावाला चांगलं नाही. तिच्यावर देऊळ बांधा, महादेवाची पिंड आणा, यथासांग लग्न लावा. पाटलांना ते पटलं. ते स्वतः आमच्या ओसरीवर आले. मी आजीच्या मागं बसून ऐकत होते.

"भिवरे, मायले छत करून राह्यलो आपण," पाटील म्हणाले. "उनातानात बसली हाय बिचारी. लगनात तुमचं घर नवरीकडलं. कन्यादान तुया भावानं करावं. तू काई त्यात येऊ शकत नाईस, ते बुवा म्हंतात तसं... विधवा म्हणून."

आत्या निवडत असलेली भाजी खाली ठेवत म्हणाली, "पाटील, मायले इचारलं का कोनं?"

"काय इचारायचं?"

"नवरा पायजे का म्हणून. आमी तिची लेकरं. लेकरानं मायचं कन्यादान कसं करावं, ते एकडाव समजावून सांगा मले."

पाटील नुसते हसले. आत्या पुढं म्हणाली, "कौंडण्यपूरच्या जत्रेले जाता ना दरसाल? रुख्मिणीचं लगन भावानं परस्पर ठरवलं, तं ती कोठी गेली? देवीच्या देवळात गेली. नको असलेल्या लगनातून सोडव म्हणून. अन् तुमी त्या देवीलेच धरून बोहल्यावर उभी करता?"

आजी कळवळून म्हणाली, "भिवरे, गप वं!" पाटलांचा चेहरा उतरला. ते उठले. जाताना एवढंच बोलले की गावानं ठरवलं आहे.

लग्न झालं. अमरावतीहून बँड आला, दगडाला शालू नेसवला, चांदीचा मुखवटा चढवला. वडिलांनी अंग काढून घेतलं, तेव्हा कन्यादान पाटलांनीच केलं. पंगतीत सगळं गाव जेवलं. मी मंडपातून पळत मळ्यात गेले तर आत्या वांग्यांना पाणी देत होती. मला पाहून तिनं विचारलं, "जेवली का?" मी मान डोलावली. "बुंदी कशी होती?" चांगली होती म्हणाले. "मंग बरं झालं," ती म्हणाली आणि पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं. तिचे डोळे लाल होते. मला वाटलं, चुलीच्या धुरानं असतील... पण त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटलीच नव्हती.

देवळाला दार आलं, दाराला कुलूप आलं. गाभाऱ्यात मधोमध पिंड आणि डाव्या बाजूला, जरा मागं, माय. विटाळशीनं पायरी चढायची नाही, बाळंतिणीनं सव्वा महिना फिरकायचं नाही, महारवाड्यातल्या बायांनी लांबून हात जोडायचे आणि विधवेनं गाभाऱ्यात शिरायचं नाही. जिच्या आईनं, आईच्या आईनं तो दगड पाण्यानं, तेलानं न्हाऊ घातला, ती भिवराआत्या आता उंबऱ्याबाहेर फुलं ठेवून परत येऊ लागली. फुलं ती रोज नेत असे. पुजारी म्हणून राहिलेले शास्त्रीबुवा ती महादेवाला वाहायचे आणि उरली तर मायला. बुवाही कठोर नव्हते. एकटा, खोकलणारा माणूस. आत्या त्यांच्या दारात भाजी ठेवायची, ते "माई, सुखी राहा" म्हणायचे. पण दार उघडायचे नाहीत.

पुढं अमरावतीला शिकत असताना मी पुस्तकांतून वाचलं की देवांच्या कितीतरी आधी माणसानं आईला पुजलं होतं. शेत पेरणाऱ्या माणसाला आधी पोट असलेली, वाढवणारी, जन्म देणारी अशीच देवता सुचली. नवरे, बाप, राजे मागाहून आले आणि तिला कुणाची तरी बायको केल्यावरच देवळात जागा मिळाली. वाचताना मला पुस्तकातलं ते प्राचीन काही दिसेना. मला आमची ओसरी आणि अर्धवट निवडलेली भाजी दिसे. हजारो वर्षांत झालेली म्हणतात ती गोष्ट आमच्या गावात एका हंगामात झाली होती, आणि त्यात बँडही वाजला होता.

आत्या या काळात वाळत गेली. बाया बाळं घेऊन तिच्याकडे मळ्यात यायच्या, "इथंच बोट लाव" म्हणायच्या. ती लावायची नाही. "मायले टेकवल्याबिगर कायचं बोट? खोटं काम मी नाई करत." बाया हिरमुसून जायच्या. मी एकदा तिला म्हटलं, लावलंस तर काय बिघडेल? तर म्हणाली, "मी लावलं तं त्यायले वाटन, चाललं हायना बराबर. मंग ते दार कवा उघडन?"

ते दार उघडलं ते सुभद्राबाईमुळं. पाटलांची ही एकुलती लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि मुलगी झाल्याच्या सातव्या दिवशी तिचा नवरा पटकीनं गेला. नागपूरकडून निरोप आला. पोर अशक्त होतं, दूध ओढत नव्हतं. सुभद्राबाईनं एकच धरून ठेवलं... माझी लेक मायला टेकवा. बुवा म्हणाले, बाळंतीण, त्यातून सुतक, त्यातून विधवा, कसं शक्य आहे? पाटील त्यांच्याशी वाद घालू शकले नाहीत. नियम त्यांनीच मान्य केले होते, चुन्यानं भिंतीवर लिहवूनही घेतले होते.

मी सुटीत घरी होते. भर दुपारी पाटील मळ्यात आले. जोडे बांधाबाहेर काढून आले, हे मला दिसलं. आत्या गवारीच्या शेंगा तोडत होती.

"भिवरे, माया पोरीचं लेकरू जाईन वं," ते म्हणाले.

आत्यानं पदराचा ओटा सोडला, शेंगा तिथंच पडू दिल्या. "कुलूप कोनाचं हाय?"

"मायं."

"मंग मले काय इचारता? उघडा ना."

ते दोघं पुढं आणि मी मागं, असे आम्ही गेलो. वाटेत घरात शिरून आत्यानं शेंदूर, तेल घेतलं. पाटलांनी स्वतःच्या हातानं कुलूप काढलं. बुवा पायरीवर उभे राहिले, मान खाली घातली आणि बाजूला झाले. सुभद्राबाई बाळ छातीशी धरून आली, पांढऱ्या लुगड्यात, जेमतेम चालता येत होतं. आत्यानं तिचा दंड धरला आणि दोन विधवा गाभाऱ्यात शिरल्या. आत्यानं आधी मुखवटा काढला. आतला दगड इतक्या वर्षांत कोरडा पडून भेगाळला होता. तिनं ओंजळभर तेल त्यावर ओतलं, हातानं चोळत राहिली, खूप वेळ... मग बाळ टेकवलं. दगडाच्या गारव्यानं ते पोर जे किंचाळलं! सुभद्राबाई ओक्साबोक्शी रडायला लागली. बाहेर पाटील भिंतीकडे तोंड करून उभे होते.

पोर जगलं. कशानं ते मी सांगू शकत नाही. त्याच आठवड्यात मोर्शीच्या डॉक्टरांचं औषधही सुरू झालं होतं. पण त्यानंतर पाटलांनी मंगळवारी दार उघडं ठेवायला सांगितलं, बायांसाठी, सगळ्या बायांसाठी. बाकीचे दिवस बुवांचे. सुभद्राबाई परत सासरी गेली नाही; मंगळवारी देवळात आणि एरवी मळ्यात आत्याच्या मागं मागं असायची. पिंड मधोमधच राहिली, लग्न काही मोडलं नाही. काही घरांनी मंगळवारी येणं सोडलं, काहींनी पाटलांकडचं जेवण सोडलं. आत्याला मी विचारलं, अर्धंच मिळालं, नाही का? ती म्हणाली, "मायले नवरा पसंत पडला असन तं आपन कोन बोलनार? पन तिच्या माहेरच्यायले भेटू द्या म्हना." आणि हसली. पुष्कळ वर्षांनी तशी हसली.

आत्याचे दिवस झाल्यावर मंगळवारी मी देवळात गेले. मला वाटत होतं, आता तेल कोण घालणार? आत्याला लेक नव्हती, आणि मी अकोल्याची शाळामास्तरीण. पायरीवर बाया दाटीनं बसल्या होत्या. आतून आवाज येत होता. वाकून पाहिलं तर सुभद्राबाई कोपरापर्यंत तेलानं माखलेल्या हातांनी दगड चोळत होती. मंत्र नाही, स्तोत्र नाही. घरातल्या थोरल्या बाईशी बोलावं तसं ती मायशी बोलत होती.

"भिवरा गेली वं माय. आता मी हाओ. काई लागलं तं मले सांगत जाय."